नाव काकांचं घाला

मार्चचा दुसरा आठवडा लागला की लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत माणूस आधी शिंकतो आणि मग बोलतो. नम्रता घाडी त्या गल्लीत सतरा मोसम मिरच्या भाजत होती, तरी तिची शिंक काही गेली नव्हती. वर आता खोकलाही आला होता. कांडपाच्या दुकानासमोर फुटपाथवर तिची शेगडी, शेगडीवर दोन माणसांनी उचलावी अशी लोखंडी कढई, आणि नाकातोंडाला बांधलेला नवऱ्याचा जुना रुमाल. गिऱ्हाईक बेडगी, संकेश्वरी, धणे, खडा मसाला पिशव्यांतून घेऊन यायचं. ती देठं काढायची, भाजायची, आत यंत्राच्या मुसळाखाली द्यायची, चाळायची, चाळणीत उरलेला जाडसर चाळ पुन्हा द्यायची आणि शेवटी सगळा मसाला जुन्या धोतरावर पसरून ठेवायची. भांडणं व्हायची ती इथे. गिऱ्हाइकाला घरी जायची घाई, आणि नम्रता कुणाला मसाल्याला हात लावू द्यायची नाही.

"निवू दे," ती म्हणायची. "गरम भरलात तर आत घाम सुटतो. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या की मलाच शिव्या घालाल."

निवला की नाही हे ती घड्याळावर बघत नसे. तळव्याला इतक्या वर्षांत काही कळेनासं झालं होतं, तिथली कातडी जाड आणि कायम तांबूस. म्हणून ती हात उलटा करायची आणि मनगटाची आतली बाजू मसाल्यावर टेकवायची. मसाला आपल्या अंगाहून गार लागला की भरायचा. कधी दोन तास लागत, उकाडा असला तर पाच.

होळीच्या दिवशी कांडपाच्या मालकांनी सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं की हा शेवटचा मोसम. बिल्डिंग पाडायला जाणार, यंत्र पुन्हा लावायला जागा नाही. बायका थोडा वेळ बोलल्या, मग पुन्हा आपापल्या कढईशी गेल्या, कारण मिरच्या कढईत होत्या आणि मिरची करपायला लागली की ती थांबत नाही कुणासाठी. नम्रताच्या घरी नवरा राकेश दिवाळीपासून बसून होता. एसी बसवायचं काम करताना शिडीवरून पडला, उजवा खांदा गेला, हात खांद्याच्या वर जाईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नम्रताची छाती तपासून सांगितलं होतं, हे काम सोडा. काम सोडा म्हणणाऱ्या माणसानं पुढचं वाक्यही बोलावं, अशी नम्रताची अपेक्षा असायची. ते कुणी बोलत नसे.

त्याच आठवड्यात दुकानाच्या शटरवर कुणीतरी एक रंगीत कागद चिकटवून गेलं. लोअर परळला गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये एका मसाला कंपनीचं ऑफिस होतं, कागद त्यांचा. 'आमच्या मालवणी मसाल्याला पावसाळ्यात गुठळ्या होतात. का होतात? उपाय तुम्ही सांगा!' खाली मोबाइल धरायचा तो काळा-पांढरा चौकोन. कुणीही उपाय पाठवावा, लोकांनी मतं द्यावीत, सगळ्यांत जास्त मतं मिळालेल्या पाच जणांनी कंपनीत येऊन करून दाखवावं, आणि जो जिंकेल त्याला कंपनीच्या किचनमध्ये वर्षभराची पगारी नोकरी. मोठमोठ्या पगाराची माणसं पोसून शेवटी कंपनीला गल्लीला विचारायची पाळी आली होती, आणि तेही फुकटात. पण गल्लीला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे गल्ली खूश होती.

नम्रतानं तो कागद दोनदा वाचला आणि घरी येऊन राकेशला सांगितला.

"ह्यांना खरंच ठाऊक नाय?" तिनं विचारलं.

"ठाऊक असतं तर कागद कशाला लावला असता?"

"बसून काम असेल काय हो तिथे?"

"किचन म्हणजे एसी. वर धूर खेचायला मशीन असतं, ही एवढी चिमणी. मी बसवलीत तसली," राकेश म्हणाला, आणि न उचलला जाणारा हात उचलून दाखवायला गेला.

धूर खेचायचं मशीन नम्रताच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. त्या दिवशी तिनं तीन गिऱ्हाइकांच्या मिरच्या भाजल्या आणि प्रत्येक ठसक्याला तिला वाटलं, हा ठसका तिथे आला नसता. तिला बक्षीस नको होतं, फोटो नको होता. तिला फक्त नाक उघडं ठेवून काम करायचं होतं.

उपाय सोपा होता, अवघड होती ती मतं. मतं म्हणजे माणसं, आणि घाडी कुटुंबाची माणसं म्हणजे गावाचं मंडळ. कोकणातल्या त्यांच्या गावाची एक खोली घाडी राहत त्याच चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर होती. पूर्वी तिथे गिरणीत लागलेले वीस-वीस गाववाले पाळीपाळीनं झोपायचे. आता तिथे महिन्यातून एका रविवारी सभा भरायची आणि बाकीचे दिवस खुर्च्या झोपायच्या. मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील बँकेत होता, तिशीतला, मोबाइलवर सहाशे गाववाल्यांचा ग्रुप सांभाळायचा. राकेशनं त्याच्या कानावर घातलं तेव्हा तो एकदम पेटला.

"वहिनी, हे आपण मारतो. सहाशे मतं म्हणजे डायरेक्ट पहिल्या पाचात," तो सभेत म्हणाला. "फक्त फॉर्मवर एक नाव लागेल. कोणाचं टाकू?"

खोलीत पंधरावीस पुरुष बसले होते. नम्रता दोघीतिघींबरोबर मोरीपाशी चहाचे पेले विसळत होती. समोर खुर्चीवर धोंडूकाका. ते राकेशचे चुलते, त्याच चाळीत वरच्या माळ्यावर राहणारे, वय सत्तरीकडे झुकलेलं, गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर काम केलेले, नंतर पंधरा वर्षं एका बिल्डिंगचे वॉचमन. पण गावच्या देवळात घाड्यांचा मान होता. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते घाड्यानं. गावाला काय हवं, काय नको, कुणाची गुरं आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, ते एकानं बोलायचं आणि बाकी गावानं 'व्हय महाराजा' म्हणायचं. काकांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी कुणाला कळत नसे.

सगळे काकांकडे बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, "भाजता तर नम्रता." आणि सगळे नम्रताकडे बघायला लागले.

पेला हातात धरून नम्रता उभी राहिली. आता इथे काय बोलायचं ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वडीलधाऱ्यांपुढे ताट करायचं, त्यांनी 'माका नको, पोरांका वाढ' म्हणायचं, आणि मग ताट ज्याचं त्याच्याकडे जायचं. कितीदा तरी तिनं हे बघितलं होतं, केलं होतं.

"काकांचंच घाला," ती म्हणाली. "काका असताना माझं कशाला?"

आणि ती थांबली. काकांनी टोपी नीट केली. नम्रता अजून थांबली होती.

"तुमची सगळ्यांची तशी इच्छा आसात," काका म्हणाले, "तर माजी काय हरकत नाय. घराण्याचा नाव पुढे जाता."

स्वप्नीलचा अंगठा मोबाइलवर चालायला लागला. श्री. धोंडू घाडी. नम्रता पुन्हा मोरीपाशी बसली आणि विसळलेला पेला तिनं पुन्हा विसळला.

जिना उतरताना राकेश तिला समजावत होता. "अगं, नाव म्हणजे काय? कार्ड. बाबांच्या वेळेला गिरणीत काय व्हायचं? कार्डावर नाव एकाचं आणि साच्यावर उभा बदलीवाला. पगार घरात आल्याशी मतलब. काकांना या वयात नोकरी करायची आहे काय? जिंकले की सांगायचं, सून येईल."

"चालतं असं?"

"गिरणीत चाळीस वर्षं चाललं."

गिरणी बंद पडूनही तितकीच वर्षं होत आली होती, पण हे त्या जिन्यावर दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. नम्रताला ते पटलं, कारण तिला पटवून घ्यायचं होतं.

स्वप्नीलनं उपाय चांगला लिहिला. मतं धडाधड पडली. गावाहून, डोंबिवलीहून, कुणाचा भाचा दुबईला होता तिथूनसुद्धा. काका रोज संध्याकाळी खाली येऊन राकेशला विचारत, "आज किती?" अठराव्या दिवशी पत्र आलं. श्री. धोंडू घाडी पहिल्या पाचात. बुधवारी अकरा वाजता, आधार कार्डासह.

मग काकांची शिकवणी सुरू झाली. तीन संध्याकाळी ते नम्रताच्या खोलीत खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता. तिचा खोकला ऐकून त्यांनी येताना ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या होत्या. नम्रता दिवसभराच्या धगीतून आलेली, डोळे लाल, बोटांना खोबरेल चोपडलेलं. परातीत मसाला घेऊन ती त्यांच्यापुढे खाली बसली.

"मुसळाखालून आला की हा तापलेला असतो. तसाच पुडीत घातला की वाफ आत कोंडते..."

"ता समाजला माका. घाम."

"हां, घाम. म्हणून निवू द्यायचा. आता निवला ते कसं बघायचं? काका, हात लावून बघा."

"तू सांग, मी ऐकतंय."

"असं मनगट टेकवायचं. तळवा नाही. तळवा फसवतो."

"मनगट," काका म्हणाले. "बरोबर आसा."

"एकदा लावून बघा ना."

"अगो, माका सगळा समाजला," ते म्हणाले आणि हात मांडीवरच ठेवला. त्यांना मिरची झोंबायची भीती वाटत असावी, नाहीतर सुनेसमोर परातीत हात घालणं बरं वाटत नसावं. नम्रतानं तिसऱ्यांदा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, हे तिला पुढे फार लागलं.

बुधवारी काकांनी पांढरा सदरा आणि कडक इस्त्रीची टोपी घातली. नम्रतानं मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. मसाल्याची पिशवी तिच्याच हातात होती. टॉवरच्या दारात काकांनी वॉचमनला थांबवून सांगितलं, "हय आमचा साचाखाता होता." वॉचमन भोजपुरी होता, त्यानं मान हलवून नम्रताच्या हातातली पिशवी तपासणीच्या मशीनमध्ये घालायला सांगितली. काउंटरवरच्या मुलीनं दोघांना गळ्यात घालायच्या पट्ट्या दिल्या. काकांच्या पट्टीवर लिहिलं होतं 'स्पर्धक', नम्रताच्या पट्टीवर 'सोबत'.

किचन काचेचं होतं. पांढरे ओटे, नळाला हात न लावता येणारं पाणी, आणि शेगडीवर खरंच ती चिमणी, राकेशनं सांगितली होती त्याहून मोठी. नम्रता त्या चिमणीकडे बघत राहिली. वैदेही नावाची एक बाई पुढे आली. चाळिशीची, खादीचा कुडता, बोलणं पुण्याकडचं, वागणं अगदी नम्र. बरोबर दोन पुरुष, हातात कागद.

"नमस्कार काका. सांगा, गुठळ्या का होतात?"

आणि काका बोलले. काय बोलले! चार पिढ्यांचं घराणं, कोकणातलं ऊन, जात्यावरच्या बायका, मसाल्याला जीव असतो आणि जीव म्हटलं की घाम आलाच. त्यांच्या आवाजानं काचा हलल्यासारख्या वाटल्या. कागदवाले दोघं लिहायचे थांबून ऐकत होते. नम्रतालाही क्षणभर वाटलं, नोकरी झाली.

"फार सुंदर," वैदेही म्हणाली. मग तिनं ओट्यावर दोन ताटं ठेवली. दोन्हीत मसाला, दिसायला सारखा. "यातलं एक आत्ता दळून आलंय थोड्या वेळापूर्वी. दुसरं सकाळपासून निवतंय. कुठलं भरायचं, ते तुमच्या पद्धतीनं बघून सांगा."

काकांनी मागे वळून नम्रताकडे बघितलं. नम्रतानं नकळत आपलं मनगट उलटं करून पुढे केलं.

"ताई, प्लीज," कागदवाल्यांपैकी एक म्हणाला. "सोबतच्या लोकांनी बाहेर थांबायचंय."

ती बाहेर आली आणि दार आपोआप लागलं. आतलं काही ऐकू येईना, दिसत मात्र सगळं होतं. काका पहिल्या ताटापाशी गेले. त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि पसरलेला अख्खा तळवा मसाल्यावर ठेवला. मग दुसऱ्या ताटावर, तोच तळवा. साच्याच्या धाग्यांनी आणि वॉचमनच्या काठीनं घट्टे पडलेला. त्या तळव्याला तापलेला पत्रासुद्धा कोमट लागला असता. काकांनी पुन्हा मागे बघितलं, काचेतून. मग एका ताटाकडे बोट केलं. वैदेहीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे कागदाकडे गेले. काकांनी घाम पुसायला हात डोळ्याला लावला, आणि मग त्या एवढ्या मोठ्या माणसाला दोन जणांनी धरून नळापाशी नेलं.

"तुझे कोण ते?" शेजारून कुणीतरी विचारलं.

बाकावर एक बाई बसली होती. साठीच्या आतबाहेरची, फुलाफुलांचा फ्रॉक, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत काळपट बाटल्या. गिरगावातली एडना, तिचा नंबर पुढचा होता.

"काका. चुलतसासरे."

"सिक्युरिटीने माझ्या बियरच्या बाटल्या बघितल्या ना, मला वाटलं आता सोडत नाय," एडना म्हणाली. "मसाला आहे बाबा, वास घे, मी सांगितलं. शिंकला, मग सोडलं." मग तिनं नम्रताचा हात सहज हातात घेतला, नखांच्या कडा बघितल्या, तळव्याच्या लाल रेषा बघितल्या. "हे तर मसालेवालीचे हात. करतेस तू आणि आत तो कशाला गेला?"

"नाव त्यांचं घातलं."

"कुणी घातलं?"

नम्रतानं हात सोडवून घेतला.

"वेडी की काय तू?" एडना म्हणाली. रागानं नाही, कुणाचं दूध उतू गेलेलं बघून म्हणावं तसं.

एडनाला आत बोलावलं. नम्रतानं काचेतून बघितलं. एडनानं आधी ताटांकडे बघितलंही नाही, पिशवी बाजूला ठेवली, बाही वर केली आणि हात उलटा केला.

लिफ्टपाशी वैदेही काकांना सोडायला आली. काकांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "तुमचा विचार फार चांगला होता, काका. प्रत्यक्ष हाताचा सराव कमी वाटला, एवढंच." मग तिनं नम्रताच्या हाताकडे बघितलं. "कल्पना नक्की कुणाची होती?"

काका लिफ्टच्या दाराकडे तोंड करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"घराची," नम्रता म्हणाली.

"गणपतीनंतर दुसरी फेरी काढणार आहोत. तेव्हा तुम्ही स्वतः टाका," वैदेही हळूच म्हणाली आणि आपला नंबर दिला.

नोकरी एडनाला लागली. गडद रंगाच्या बाटलीत काठीनं दाबून भरायचा तिचा उपाय कंपनीला आवडला. नम्रताला एडनाचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, राग धरायला परकं माणूस मिळालं असतं.

काका दोन दिवस जेवले नाहीत. खोलीबाहेर आले नाहीत. ज्या माणसानं देवासमोर कधी शब्द चुकवला नाही, तो दोन ताटांपुढे चुकला होता, आणि सहाशे माणसं ग्रुपवर विचारत होती, काय झालं? तिसऱ्या दिवशी ते मंडळाच्या खोलीत गेले. नम्रता नळावर पाणी भरत होती, तिला वरून तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मी काय करू? नमीन माका अर्धाच शिकवल्यान."

हंडा भरून वाहायला लागला तरी तिच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी तिनं राकेशला विचारलं, "मी अर्धं शिकवलं?"

"म्हातारा माणूस आहे. कुठेतरी ढकलणारच."

"माझ्यावर?"

"मग काय कंपनीवर ढकलणार?" राकेश म्हणाला. नंतर तिचा चेहरा बघून तो उठला आणि एका हातानं चहा करायला लागला. त्याला लाज वाटत होती. पण लाज वाटणं वेगळं आणि वर जाऊन चार माणसांत बोलणं वेगळं, आणि तो वर गेला नाही.

बायकांच्या नजरा बदलल्या. गल्लीतली एक म्हणाली, "आपल्याच माणसाला तोंडघशी पाडायचं म्हणजे काय?" दुसरीनं नम्रताकडे येणारी गिऱ्हाइकं परस्पर आपल्याकडे वळवली. मेअखेर मोसम संपला. यंत्राची मुसळं टेम्पोत घालून रे रोडला भंगारात गेली. मालकांनी जाताना नम्रताला ती लोखंडी कढई घेऊन जायला सांगितलं, पण खोलीत ती ठेवायला जागा नव्हती.

पावसाळाभर ती प्रभादेवीला एका खाणावळीत भांडी घासत होती. मोरीत दिवसभर पाण्यात पाय, पाठीशी ओली भिंत. मिरचीचा खोकला गेला आणि ओलीचा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेही काम सोडा.

गणपती गेले. दुसऱ्या फेरीचा कागद खाणावळीच्या भिंतीवरच लागला. बाटली कंपनीला महाग पडत होती, तेव्हा प्रश्न तोच: पुडीतल्या मसाल्याला गुठळ्या होतात, उपाय सांगा. या वेळी मतांची अट नव्हती. उपाय पसंत पडला की थेट बोलावणं, आणि किचनमध्ये आणखी एक जागा.

या वेळी तिनं कुणालाही सांगितलं नाही. दुपारी खाणावळ रिकामी झाली की ती पायरीवर बसायची आणि मोबाइलमध्ये बोलून बोलून लिहायची. मोबाइल 'निवू दे'चं 'निवडू दे' करायचा, ती पुसून पुन्हा बोलायची. चार दुपारी गेल्या. मुसळाचा ताप, कोंडलेली वाफ, तळवा का फसवतो, मनगट कुठे टेकवायचं, उकाड्याच्या दिवशी किती थांबायचं, सगळं तिनं घातलं. इतकं तर तिनं काकांनाही सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंच नव्हतं. नावाच्या चौकटीत तिनं लिहिलं, नम्रता राकेश घाडी. ते नाव लिहिताना तिला एवढं बरं वाटलं, की पाठवायच्या आधी तिनं ते पुन्हा दोनदा वाचलं.

उत्तर यायला मिनिटभरही लागलं नाही.

'ही कल्पना यापूर्वी श्री. धोंडू घाडी यांनी मांडली आहे. कृपया इतरांच्या कल्पना स्वतःच्या नावाने पाठवू नयेत.'

तिनं वैदेहीला फोन लावला. वैदेहीनं तिला ओळखलं, चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं.

"मला कळतंय, ताई. पण जुन्या-नव्या कल्पना मशीन जुळवून बघतं, माझ्या हातात नसतं. तुम्ही जरा वेगळं लिहून बघा ना."

"मसाला निवू द्यायचा, ह्याला वेगळं काय लिहू?"

"मग असं करा, काकांच्याच नावानं पाठवा. आम्ही त्यांना परत बोलावू शकतो."

"आणि करून दाखवायला?"

"ज्यांचं नाव आहे त्यांनाच यावं लागेल," वैदेही म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, हे आवाजावरून कळत होतं. "दुसरी एखादी कल्पना नाहीये का तुमच्याकडे?"

नम्रतानं नाही म्हणून सांगितलं. सतरा मोसमांत तिला एकच गोष्ट नीट कळली होती, आणि ती आता तिची नव्हती.

घरी येऊन तिनं मोबाइल राकेशपुढे धरला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात काका दारात आले. डोळा कधीच बरा झाला होता, पण उन्हाळ्यापासून ते खांदे पाडून चालत, सभेतही मागच्या खुर्चीवर बसत. "काय झाला?" त्यांनी विचारलं. राकेशला लपवता आलं नाही. त्यानं वाचून दाखवलं.

"परत वाच," काका म्हणाले.

राकेशनं परत वाचलं.

"श्री. धोंडू घाडी यांनी मांडली आहे," काका हळूहळू म्हणाले. "बगलंस? कंपनीन लिवन दिल्यान. माजा चुकला नव्हता. इचार माजोच होतो, ता त्यांका मान्य आसा." त्यांची पाठ सरळ झाली होती. इतक्या महिन्यांनी तो जुना आवाज खोलीत घुमला. हा निरोप कुणाच्या मोबाइलवर आला आणि का आला, हे त्यांनी विचारलं नाही. "राकेश, स्वप्नीलाक पाठव ह्या. ग्रुपार टाकूक सांग."

राकेशनं नम्रताकडे बघितलं. नम्रता भिंतीला टेकून बसली होती. ती हो म्हणाली नाही आणि नको म्हणाली नाही. नको म्हणायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळत होतं. पण समोर तो म्हातारा टोपी नीट करत उभा होता.

राकेशनं निरोपाचा फोटो पाठवला, मोबाइल तिच्या हातात परत दिला, आणि स्वप्नीलनं तो ग्रुपवर टाकायला वेळ लावला नाही. वर तिचं नाव दिसत नव्हतं आणि खालची ताकीदही नव्हती, तेवढा भाग कापला गेला होता. 'आपल्या काकांच्या कल्पनेला कंपनीची मान्यता!' नम्रताच्या हातातला मोबाइल थरथरायला लागला. अभिनंदन काका. गावाची शान. हात जोडलेले, फुलं, उभे अंगठे, एकावर एक.

काका वर मंडळाच्या खोलीत गेले. राकेश तिच्या शेजारी येऊन बसला.

"तू पण एक अंगठा टाक," तो म्हणाला. "सगळ्यांनी टाकलाय. तुझा नसला तर बरं नाय दिसणार. आधीच लोक बोलतात."

नम्रतानं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं अंगठा टाकला. तिच्या मागून आणखी वीस-पंचवीस आले, आणि त्यांतला तिचा कुठला, हे तिला पुन्हा शोधूनही सापडलं नाही.